एमपीएससी सोडल्यावर तिशीत काहीच करावंसं वाटत नाही, सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते. वय 33, गाव लातूरकडचं, इंजिनिअरिंग झाल्यावर पुण्यात येऊन सात-आठ वर्षं एमपीएससी केली, दोनदा मेन्स दिली, एकदा इंटरव्ह्यूचा कट-ऑफ थोडक्यात हुकला, गेल्या वर्षी सगळं सोडलं आणि आता हिंजवडीत बॅक ऑफिसला आहात. नोकरी वाईट नाही, पगार वेळेवर होतो, पण सकाळी उठावंसं वाटत नाही, गावाकडची लग्नकार्यं टाळता, रात्री मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघितले की तासभर अंगात येतं आणि सकाळी परत तेच. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. मोटिव्हेशन परत कसं आणायचं, मी नक्की कोण आहे हेच कळेनासं झालंय त्याचं काय करायचं, आणि शेवटचा एक अटेम्प्ट द्यावा का.

मी पुण्यात समुपदेशनाचं काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये तिशी ओलांडलेली, सदाशिव पेठ-नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधून बाहेर पडलेली मुलं-मुली भरपूर असतात, त्यामुळे हे सगळं मी खूप जवळून बघितलंय. तुमच्यासारख्यांना आळशी म्हणणारे लोक भेटले की मला खरंच राग येतो. कॉट बेसिसवर राहून, मेसचं तेच ते जेवण जेवून, सकाळी सातला अभ्यासिकेत जागा पकडून रात्री अकरापर्यंत बसणारा माणूस आळशी कसा असेल? तुमची मेहनत करायची क्षमता कुठेही गेलेली नाही.

मग गेलं काय? तर ती मेहनत ओढून नेणारं जे होतं ते गेलं. जाहिरात कधी येणार, प्रिलिमची तारीख काय, आन्सर की, कट-ऑफ, मेन्स, परत कम्बाइनचा, म्हणजे पीएसआय वगैरे पदांच्या एकत्र परीक्षेचा फॉर्म, असं आयोगाचं वेळापत्रक तुमचं आयुष्य चालवत होतं. तारीख पुढे ढकलली तरी त्या तारखेभोवतीच सगळं फिरायचं. एप्रिल 2020 मधली राज्यसेवेची प्रिलिम ढकलत ढकलत मार्च 2021 वर आली, आणि 14 मार्चची परीक्षाही दोन-तीन दिवस आधी पुढे ढकलल्यावर मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे ती 21 मार्चला झाली, हे तुम्ही स्वतः भोगलंय, तुम्हाला मी काय सांगणार. त्या वर्षभरात सुद्धा उद्या सकाळी काय करायचं हा प्रश्न तुम्हाला पडला नसेल, कारण उत्तर ठरलेलं होतं, अभ्यास. आता हा प्रश्न रोज सकाळी पडतो आणि उत्तर तुमचं तुम्हाला द्यायचंय, ज्याची सवय वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून तुम्हाला लागलेलीच नाही. वर भीती आणि अपराधीपणा हेही त्या काळात इंधनच होतं. वडील पैसे पाठवतायत, बहिणीचं लग्न थांबलंय, रूम पार्टनरची पोस्ट निघाली, हे डोक्यात ठेवून माणूस अभ्यास करू शकतो, पण त्याच जोरावर बॅक ऑफिसमधल्या एक्सेल शीट भरता येत नाहीत. व्हिडिओ तुम्हाला तेच जुनं इंधन थोडंसं देतात, म्हणून ते तासभर पुरतं. ते बघणं बंद करा असं मी स्पष्टच सांगेन.

आता एक गोष्ट जी तुम्ही प्रश्नात कुठेच लिहिली नाहीत पण प्रत्येक ओळीत दिसते. तुम्हाला दुःख झालंय. घरातलं माणूस गेलं तर सुतक असतं, लोक भेटायला येतात, दहावं-तेरावं होतं, वर्षश्राद्ध होतं, म्हणजे रडायला जागा आणि मुदत दोन्ही मिळते. तुमचं जे गेलं त्याला यातलं काहीच मिळालं नाही. तुम्ही ज्या डेप्युटी कलेक्टरला मनात सात-आठ वर्षं वाढवलंत तो गेला, आणि लोक म्हणाले, बरं झालं सुटलास, आता नोकरी बघ. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये अशा दुःखाबद्दल मांडणी केली, ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही आणि म्हणून ते आत तसंच साचून राहतं. माझ्या अनुभवात परीक्षा सोडलेल्या माणसाला पहिले काही महिने जे वाटतं ते बऱ्याचदा हेच असतं आणि त्यावर ध्येय ठेवा, रूटीन लावा असे उपाय सुरू केले की ते टिकत नाहीत.

त्यामुळे पहिलं काम हे करा. तुमच्या खोलीत पलंगाखाली किंवा माळ्यावर नोट्सचे गठ्ठे असणारच, लक्ष्मीकांतचं राज्यघटनेवरचं पुस्तक, झेरॉक्स, स्वतःच्या हाताने काढलेले नकाशे, चालू घडामोडींचे अंक. जवळजवळ सगळ्यांकडे असतात आणि ते कुणी उघडतही नाही नि टाकतही नाही. एक सुट्टीचा दिवस काढा, शक्यतो ज्याने तुमच्याबरोबर अभ्यास केला आणि ज्याचंही झालं नाही अशा मित्राला बोलवा, आणि ते सगळं खाली काढा. वाचत बसा, हरकत नाही. काय ठेवायचं, कोणाला द्यायचं, रद्दीत काय घालायचं ते ठरवा. हाताने काढलेल्या नोट्सपैकी एखादी वही ठेवा, ती तुमच्या कामाची निशाणी आहे. रडू आलं तर येऊ द्या. त्या वर्षांबद्दल कोणाशी तरी एकदा पूर्ण बोला, कट-ऑफ हुकल्याचा दिवस, त्या रात्री काय केलंत, घरी फोन कसा लावलात, सगळं. बहुतेक जणांनी हे कधीच कुणाला सांगितलेलं नसतं, बायकोला सुद्धा नाही.

मग तुमचा दुसरा प्रश्न, मी कोण. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये तरुणांच्या ओळखीबद्दल एक मांडणी केली होती जी मला या कामात फार उपयोगी पडते. तो दोन गोष्टी बघतो, माणसाने पर्याय चाचपून बघितले का आणि माणूस कशाला तरी बांधील झाला का. आपल्याकडे काय होतं, तर दहावीला चांगले मार्क पडले की सायन्स, मग इंजिनिअरिंग, मग गावातला कुणीतरी तहसीलदार झाला, चौकात फ्लेक्स लागला, शाळेत सत्कार झाला की एमपीएससी. बांधिलकी पक्की पण चाचपणी शून्य. मार्सियाच्या मांडणीत ही एक वेगळी अवस्थाच आहे आणि ती तोपर्यंत ठीक वाटते जोपर्यंत ते एक ठरवलेलं मिळण्याची शक्यता असते. ती शक्यता संपली की माणसाला वाटतं आपण हरवलो. खरं तर वयाच्या विशीत जे चाचपून बघायचं राहिलं ते आता तिशीत समोर आलंय, फक्त आता ईएमआय आहे, लग्नाचं दडपण आहे आणि आईवडील थकलेत. म्हणून ते जड जातं. ते उशिरा आलं म्हणून चुकीचं ठरत नाही, आणि तिशीत ते करणारे तुम्ही एकटे तर अजिबातच नाही.

पण चाचपणी म्हणजे हिमालयात जाणं नाही, नोकरी सोडून सोलो ट्रिप नाही, आणि डोळे मिटून आत बघितल्यावर खरा मी सापडेल असंही मला वाटत नाही. आत बघून सापडतं ते बहुतेक वेळा लोकांनी आपल्याबद्दल काय म्हटलं तेच. काय आवडतं हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि इच्छा झाली की करेन म्हणून थांबलात तर थांबूनच राहाल. उदासीत क्रम उलटा असतो, आधी हात हलतात, मग मन येतं. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. पीटर लेविनसन यांनी 1970 च्या दशकात यावर काम सुरू केलं, आणि 1996 मध्ये नील जेकबसन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात असं दिसलं की नैराश्यात माणसाचे विचार बदलण्याच्या पूर्ण उपचारातून फक्त रोजच्या कृतींचा भाग वेगळा काढून दिला तरी तो पूर्ण उपचाराइतकाच लागू पडला. मला तरी हा निष्कर्ष रोजच्या कामात पटत आलाय.

आम्ही ते कसं करतो ते सविस्तर सांगते, कारण हे तुम्ही घरी करू शकता. एक साधी शंभर पानी वही घ्या, मोबाईलचं ॲप नको, मोबाईल उघडला की तुम्ही वहीपर्यंत पोचणारच नाही. एका पानावर एक दिवस. दर दोन तासाला एक ओळ, त्या वेळात काय केलं एवढंच, आणि समोर दहापैकी दोन आकडे. पहिला आकडा जमलं किती, म्हणजे काहीतरी हातून झालं असं किती वाटलं. दुसरा आकडा बरं किती वाटलं. पहिला आठवडा काहीही सुधारायचं नाही, फक्त लिहायचं, रील्स बघितले तर रील्स लिहायचं, झोपलात तर झोप. अभ्यासाच्या टाइमटेबलसारखं स्वतःवर ओरडायला ही वही नाहीये हे लक्षात ठेवा, तुमच्या पिढीला टाइमटेबल दिसलं की लगेच अपराधी वाटायला लागतं.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. चाकणला एका गोदामात सुपरवायझर होता, वय तुमच्याएवढंच, एमपीएससी केलेला. त्याच्या पहिल्या आठवड्याच्या पानांवर सगळीकडे दोन-तीन, तीन-दोन. रात्री साडेदहा ते साडेबारा मोबाईल, जमलं एक, बरं वाटलं दोन. आणि एका शनिवारी सकाळी एकदम आठ आणि नऊ. विचारलं तर म्हणाला, मॅडम ते काही नाही हो, मी राहतो तिथल्या धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म भरून दिला. मी म्हटलं नीट सांगा. तर मावशींचे यजमान वारलेले, दोन वर्षं त्यांना कुणीतरी उत्पन्नाचा दाखला नाही, हे कागद नाहीत असं सांगून परत पाठवत होतं. याने 21 हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा ते बघितलं, मृत्यूचा दाखला, रहिवासी, आधार, पासबुक असं सगळं लावून फाईल केली, आणि पोचपावती दिल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही हे मावशींना शिकवलं. हे सांगताना तो माणूस खुर्चीत पुढे सरकून बसला होता, हात हलवून बोलत होता, त्याआधीच्या सगळ्या भेटींमध्ये मी त्याला तसा बघितलाच नव्हता. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा, कुठल्या सेवेला किती दिवसांची मुदत, अपील कुणाकडे, सगळं त्याला तोंडपाठ, आणि हे ज्ञान वाया गेलं असं तो धरून चालला होता.

पुढच्या आठवड्यांत आम्ही एवढंच केलं की शनिवारची सकाळ त्या कामाला कायम दिली. कुणाची रेशनकार्डातली नावं, कुणाचा सातबाऱ्यावरचा वारस फेरफार, कुणाची श्रावणबाळ योजना. यातून त्याला पैसे मिळाले नाहीत, नोकरीही तीच राहिली. पण शनिवारमुळे शुक्रवारी लवकर झोपायला लागला, मावशींच्या वस्तीत लोक ओळखायला लागले, आणि गावी गेल्यावर काय करतोस या प्रश्नाला त्याच्याकडे काहीतरी सांगण्यासारखं आलं. तुमचं असंच होईल, तुम्हीही लोकांचे फॉर्म भरा, असं मी म्हणत नाहीये. तुमच्या वहीत कदाचित क्रिकेट निघेल, स्वयंपाक निघेल, भाच्याचं गणित निघेल, ऑफिसमध्ये कुणाला तरी एक्सेलचे मॅक्रो शिकवणं निघेल. ज्या ओळीसमोर दोन्ही आकडे पाचाच्या वर आहेत ती ओळ पुढच्या आठवड्यात ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी परत यायला हवी, आणि शक्यतो त्यात दुसरं माणूस हवं. एकट्याने करायच्या गोष्टी उदास माणूस पहिल्यांदा सोडतो, दुसरा वाट बघतोय म्हटल्यावर जातो. दोन-तीन महिने हे चालू द्या, मग तुम्हीच मला सांगाल मी कोण.

स्वतःला मार्क देण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. वहीतले आकडे कृतीला आहेत, तुम्हाला नाहीत. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती, जी महाराष्ट्रात कि. मो. फडक्यांमुळे बऱ्याच जणांपर्यंत पोचली, तिचा एक मुख्य मुद्दा हाच की माणसाच्या एखाद्या कामाचं मूल्यमापन करता येतं, अख्ख्या माणसाचं नाही. पेपर दोन मार्कांनी गेला हे वाक्य खरं आहे. मी नापास माणूस आहे हे वाक्य खरं नाही, पण इतकी वर्षं मेरिट लिस्टमध्ये स्वतःचं नाव शोधलेल्याला ते खरंच वाटतं. हे वाक्य डोक्यात आलं की वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि त्याखाली फक्त जे घडलं तेवढं लिहा. सुरुवातीला यांत्रिक वाटेल, चालू ठेवा.

तब्येतीचं पटकन सांगते पण हे टाळू नका. थकवा, झोप जास्त, लक्ष न लागणं याच्या मागे थायरॉइड, बी 12 ची कमतरता, हिमोग्लोबिन कमी असणं हेही असतं, मेसवर वर्षानुवर्षं जेवलेल्या शाकाहारी मुलांमध्ये बी 12 कमी निघालेलं मी भरपूर बघितलंय. फॅमिली डॉक्टरकडे जाऊन टीएसएच, बी 12, डी 3, सीबीसी, शुगर करून घ्या. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज दिवसभर उदास वाटतंय, कशातच रस नाही, भूक-झोप बिघडलीय, जगण्यात अर्थ नाही असे विचार येतायत असं असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, औषध लागलं तर घ्या. रात्री-अपरात्री मनात जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर 14416 ला फोन करा, सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

गावाकडचं. लग्नाला जाणं टाळू नका, पण तयारी करून जा. सध्या काय करतोस याला दोन वाक्यांचं उत्तर आधीच ठरवा, जे खरं असेल आणि ज्यात माफी मागितल्याचा सूर नसेल. काका, परीक्षा सोडली, आता हिंजवडीला कंपनीत आहे, काम शिकतोय. आणि लगेच त्यांच्या सोयाबीनला काय भाव लागला ते विचारा. लोकांना तुमच्या निकालात तुम्हाला वाटतो तेवढा रस नसतो हो, त्यांना बोलायला विषय हवा असतो. वडिलांशी मात्र वेगळं, निवांत बोला. तुम्ही लिहिलंय की सोडल्यापासून ते परीक्षेबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि तुम्ही त्याचा अर्थ राग असा घेतलाय. माझ्याकडे असे वडील येतात तेव्हा ते सांगतात की पोराला लागेल म्हणून आम्ही विषय काढत नाही. दोघंही एकमेकांना जपत गप्प बसलेले असतात. शेतात जाताना, गाडीवर, कुठेही, पण तुम्हीच म्हणा की दादा, माझं झालं नाही, मला वाईट वाटतंय, तुमचे पैसे गेले त्याचं जास्त वाटतंय.

आता तिसरा प्रश्न. वयाचं म्हणाल तर 2016 पासून राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 ची मर्यादा आहे, म्हणजे नियमाने तुमच्यासाठी दार बंद नाही, आणि मला विचाराल तर हीच या परीक्षेची सगळ्यात अवघड बाजू आहे, कारण यूपीएससीला 32 वर्षं आणि 6 अटेम्प्ट झाले की खुल्या गटातल्या माणसाला आयोगच सोडवतो, इथे स्वतःला स्वतः सोडवावं लागतं. मेन्स आता वर्णनात्मक झालीय, तुमची जुनी तयारी बरीचशी बहुपर्यायी प्रश्नांची, म्हणजे शेवटचा एक अटेम्प्ट हा शब्द वाटतो तितका छोटा नाही, लिहिण्याचा सराव शून्यापासून करावा लागेल, त्याला दीड-दोन वर्षं धरा.

माझं मत असं की पुढचे सहा महिने फॉर्म भरू नका. आत्ता तो विचार तुम्हाला येतोय तो नोकरीवर सोमवारी सकाळी येतोय की शनिवारी दुपारी मन शांत असताना येतोय ते वहीत बघा. पळून जायला म्हणून अभ्यासिका आठवत असेल तर तिथे परत जाऊन तुम्हाला फक्त ओळखीची खुर्ची मिळेल. सहा महिन्यांनी, वहीत बऱ्यापैकी पाच-सहाचे आकडे दिसत असताना, झोप जाग्यावर असताना, तरीही ते काम करायचंच आहे असं वाटलं तर जरूर द्या, मी अडवणार नाही. पण नोकरी न सोडता, शनिवार-रविवारचं जे काही तुमचं उभं राहिलं असेल ते बंद न करता, आणि कुठल्या निकालानंतर थांबायचं ते आधीच वडिलांना सांगून. यातली एकही अट जड वाटली तर फॉर्म भरू नका.